दहा लाखांत तेरा-चौदा वर्षांची मर्सिडीज घ्यावी का? (मुक्काम सांगली)

विश्रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता सल्ला हवाय.

सध्या डिझेल स्विफ्ट आहे, तिचे दिवस भरत आलेत. बजेट दहा लाख, ताणून अकरा. घरचे म्हणतात नवी छोटी एसयूव्ही घे आणि गप्प बस. पण पुण्यात एक मर्सिडीज ई २५० सीडीआय (डिझेल) बघून आलोय. २०१३ ची, एमएच-१२ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर ७८ हजार. डीलर साडेनऊ सांगतोय, नऊला तुटेल असा अंदाज. नवी होती तेव्हा ही गाडी पन्नास लाखांच्या आसपास रस्त्यावर आलेली. आत बसल्यावर दार लावलं, त्या आवाजानेच निम्मा निकाल लागला.

वापर: रोज विश्रामबाग ते मार्केट यार्ड, अधूनमधून मिरज, महिन्यातून एखादी पुण्याची फेरी. देखभालीला वर्षाला पन्नास हजार बाजूला काढायची तयारी आहे. तेवढ्यात भागेल का?

नुसतं "घेऊ नका" लिहू नका, कारण लिहा. हौस आहे हे लपवत नाही.

मिरज_जंक्शन

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. धागा संपला, सगळ्यांनी आपापल्या घरी जा.

हिशेबनीस

जंक्शनराव, मसाल्याचा हिशेब तरी मांडू द्या.

मी निवृत्तीपर्यंत मोटार विम्याच्या सर्व्हेचं काम केलं. या गाड्यांची बिलं बरीच पाहिलीत. धागाकर्त्यांचं गणित जिथे चुकतं ती जागा ही: गाडीची किंमत पन्नासवरून नवावर आली, पण तिच्या हेडलाइटची आली नाही. बंपर, कंडेन्सर, कंट्रोल युनिट, सगळ्याला पन्नास लाखांच्या गाडीचाच भाव. तुम्ही नऊ लाखांची गाडी घेताय आणि पन्नास लाखांची गाडी सांभाळायला आणताय.

आता विमा. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, कंपनी आणि तुम्ही आपसात ठरवता. समजा आठ लाख ठरली. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. म्हणजे सहा लाख. समोरून एक बऱ्यापैकी ठोकर बसली, दोन एअरबॅग उघडल्या, दोन्ही दिवे, रेडिएटर, बॉनेट गेलं, की सहा लाख व्हायला वेळ लागत नाही. तीच ठोकर नव्या आठ लाखांच्या गाडीला बसली तर ती दुरुस्त होऊन घरी येते. तुमची भंगारात जाते.

ठोकर छोटी असली तरी सुटका नाही. दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर तर गाडीचं वय न बघताच ५० टक्के. काचेवर घसारा नाही, तेवढाच दिलासा. या वयाला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा कुणी देत नाही. म्हणजे तीन लाखांचं बिल झालं तर दीडच्या आसपास तुमच्या खिशातून. हे पन्नास हजारांत कुठे बसवताय?

थर्ड पार्टीचा हप्ता मात्र फरारीला आणि इनोव्हाला सारखाच. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला ७,८९७ रुपये, वर जीएसटी लागू असेल तो. तिथे कुणी लुटत नाही.

विश्रामबागकर

हिशेबनीस काका, धन्यवाद. टोटल लॉसचं डोक्यातच नव्हतं. पण ठोकर हा नशिबाचा भाग झाला. रोजच्या खर्चाचं कुणी सांगेल का?

शंभरफुटी

राम राम. माझं गॅरेज शंभर फुटी रोडलाच हाय, जर्मन गाड्या येतात म्हणून लिहितोय.

पहिलं सांगतो, गाडी वाईट न्हाय. ई क्लासची ही पिढी, डब्ल्यू २१२, लई टणक. ओएम ६५१ इंजिन, २१४३ सीसी, नीट सांभाळलं तर तीन लाख किलोमीटर बघितल्यात मी. पण कुणी सांभाळलं हा प्रश्न हाय.

हे बघा:

इंजिन रात्रभर थंड असताना सुरू करायचं. पहिल्या दोन-चार सेकंदांत मागून, म्हंजे गिअरबॉक्सच्या बाजूने, साखळी हलवल्यासारखा खडखडाट आला तर सोडून द्या. टायमिंग चेन त्या बाजूला हाय. तिला हात घालायला इंजिन नायतर गिअरबॉक्स उतरवायला लागतो. चेन स्वस्त, मजुरी महाग. आणि डीलर लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी सुरू करून गरम करून ठेवतात, म्हणून गेल्या गेल्या बॉनेट उघडून हात लावून बघा. गरम लागलं तर चहा प्या आणि परत या.

गिअरबॉक्स सात गिअरचा. तेल कधी बदललं ते बिलावर बघा. बिल न्हाय म्हंजे बदललं न्हाय असंच धरायचं. तेल, फिल्टर, पॅन, गॅस्केट मिळून तीस-चाळीस हजार जातात, बाहेर केलं तरी.

पुढचे कंट्रोल आर्म, म्हंजे चाकं धरून ठेवणारे सस्पेन्शनचे दांडे. आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत हायत. अंकलीकडं जाताना खड्ड्यात गेली की पुढून टकटक. दोन्ही बाजूचे सगळे आर्म बदलायचे म्हटलं तर कंपनीत ऐंशी हजार-लाख सांगतात. तोच आर्म लेमफोर्डरचा घेतला, जी कंपनी मर्सिडीजला पुरवते, तर फक्त वरचा तारा नसतो आणि पैसे निम्म्याच्या आसपास. हे फिल्टरला मान किंवा माले या कंपन्यांचं, ब्रेकला बऱ्याच जागी तसंच.

एअर सस्पेन्शनवाली, म्हंजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवरची, असेल तर घेऊच नका. रात्री लावली सरळ, सकाळी एका कोपऱ्यात बसलेली. एक फुगा गेला की कॉम्प्रेसर जास्त चालतो, मग तो जातो, मग त्याचा रिले. गिऱ्हाईक म्हणतंय एकच काम होतं.

पन्नास हजारांत भागतंय का? चांगल्या वर्षी भागतंय. वाईट वर्षी टायरच पन्नासच्या वर जातात.

घाटमाथा_११

साताऱ्याहून. शंभरफुटी यांनी पार्टचं सांगितलं, मी अंतराचं सांगतो, कारण आपल्या दोन जिल्ह्यांत खरा छुपा खर्च तिथे आहे.

माझ्याकडे एक जुनी जर्मन सेदान होती. मॉडेल लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. पुण्याहून येताना खंबाटकी चढता चढता कूलंटचा लाल दिवा लागला. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. एक्स्पान्शन टँकच्या सांध्याला केसाएवढी चीर, आणि चिरेच्या खाली वाळलेल्या कूलंटचा गुलाबी-पांढरा खर. म्हणजे थेंब थेंब गळती कितीतरी आधीपासून चालू होती, चढावर दाब वाढल्यावर टँकने मान टाकली. या गाड्यांत थर्मोस्टॅटचं घर, पाइपचे सांधे, टँक, सगळं प्लास्टिकचं असतं. दहा वर्षं गरम-थंड झालं की ते बिस्किटासारखं होतं.

पार्ट सहा-सात हजारांचा. आता बाकीचं मोजा. ही गाडी दोरी बांधून ओढता येत नाही, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, लागतो. फ्लॅटबेडवाल्याने गाडीचा लोगो बघितला आणि मग भाव सांगितला. साताऱ्यात उघडायला कुणी तयार नव्हतं, म्हणून परत पुणे. पार्ट स्टॉकमध्ये नाही, मागवावा लागेल. तोवर घरी दुसरी गाडी भाड्याने. गाडी मिळाली तेव्हा बिल पार्टच्या पाचपट झालं होतं. यात वर्कशॉपने एक रुपया जास्त लावला नव्हता.

आणि दिवा लागल्यावर तशीच पुढे वेळ्यापर्यंत रेटली असती तर इंजिनचं हेड गेलं असतं. तो आकडा लाखांत.

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्याला ही गाडी जेवढ्याला पडते, त्यापेक्षा आपल्याला जास्त पडते. हा मुद्दा यूट्यूबवरचे लोक कधी सांगत नाहीत, कारण ते सगळे मुंबई-दिल्लीत बसलेले.

द्राक्षबाग

तासगावकडचा अनुभव. भावकीत एकाने बेदाण्याला दर चांगला लागला त्या साली अशीच गाडी आणली. पहिला महिना नुसते पेढे. मग उसाचा हंगाम सुरू झाला. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पाडल्या, मधे उंचवटा. त्या उंचवट्याला गाडीचं पोट घासून खालचं प्लास्टिकचं कव्हर फाटलं. पातळ टायरला खड्ड्यात बाजूने फुगा आला. रनफ्लॅट (हवा गेली तरी चालणारा) टायर होता, पंक्चरवाल्याने हात जोडले.

आता ती गाडी घराच्या शेडमध्ये असते आणि भाऊ बोलेरोतून फिरतो. लग्नसराईत बाहेर काढतो. पाहुणे मात्र वाढलेत, प्रत्येकाला वाटतं उसने मागायला हरकत नाही.

मिरज_जंक्शन

द्राक्षबाग, उसने मागणाऱ्यांचा खर्च हिशेबनीस कोणत्या खात्यावर टाकणार? 😄

रानजाई

सगळेच घाबरवताय म्हणून दुसरी बाजू लिहिते.

आमच्याकडे साताऱ्यात एक जुनी पेट्रोल लक्झरी सेदान आहे. मी चालवते, नवरा शेजारी बसून ब्रेक दाबतो. गाडीने कधी रडवलं नाही असं म्हणणार नाही, पण आम्ही ती घेतली तेव्हाच काही गोष्टी ठरवल्या होत्या.

एक तर ती रोजची गाडी नाही. दारात साधी अल्टो आहे. लक्झरी गाडी गॅरेजमध्ये पडली तर आमचं काही अडत नाही, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. गाडीवाचून अडलेला माणूस समोरचा म्हणेल तो भाव देतो.

दुसरं, घेताना किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम वेगळी एफडीत टाकली आणि ती गाडीचीच समजली. नऊची गाडी घेणार असाल तर तीन बाजूला हवेत, पहिल्याच दिवशी. अकरा बजेट असेल तर गाडी आठची बघा.

तिसरं, पार्ट मी स्वतः शोधते. चेसिस नंबर टाकला की ऑनलाइन कॅटलॉगमध्ये नेमका पार्ट नंबर मिळतो. तो घेऊन पुण्यातल्या चार दुकानांत फोन करते. एकाच पार्टला चार वेगळे भाव येतात. गॅरेजवाल्याला "बघून टाका" म्हटलं की बिल त्याच्या मनाचं येतं.

घाटमाथा दादांच्या प्रसंगाबद्दल: ते प्लास्टिकचे पार्ट आम्ही फुटायची वाट न बघता एकदमच बदलले. टँक, थर्मोस्टॅट, वरचे-खालचे होज, बेल्ट. मजुरी एकदाच लागली. कासला, यवतेश्वरच्या घाटाने, भर उन्हात जाऊन आलोय, तापमानाचा काटा मधेच उभा.

आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही: सनरूफ. त्याच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली जायला बारीक नळ्या असतात. पानं-मातीने त्या तुंबल्या की पाणी छतातून उतरून गालिच्याखाली साचतं. वरून गालिचा कोरडा, खालचा स्पंज ओला, आणि त्या स्पंजाला टेकून वायरिंग. साताऱ्याच्या पावसात हे फार होतं. दर मे महिन्यात सनरूफ उघडून कोपऱ्यांत अर्धा पेला पाणी ओता, गाडीखाली टपकलं तर ठीक.

घाटमाथा_११

रानजाई ताई, पटलं. फक्त तुमच्याकडे दुसरी गाडी आहे आणि धागाकर्ते एकुलती एक गाडी बदलतायत. सगळा फरक तिथे आहे.

नवा_गडी

एवढी चर्चा कशाला? दिल्लीची गाडी मागवा. तीच ई २५० सहा लाखांत मिळते. माझ्या मित्राला साडेपाचला सांगितली.

हिशेबनीस

नव्या गड्याचं स्वागत. मित्राने घेतली का? घेतली नसेल.

दिल्लीत गाड्या स्वस्त का, ते आधी बघा. २०१५ पासून एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशाने तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर टाच आली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ मध्ये न्यायालयाने काही सवलत दिली, पण मधल्या दहा वर्षांत बाजारभाव पडायचा तो पडला.

आता सांगलीत आणल्यावर. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हवी. बारा महिन्यांवर इथे ठेवली तर एमएच नंबर घ्यावाच लागतो. महाराष्ट्रात रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. डिझेलला वीस लाखांवर मूळ दर १५ टक्के, आणि तो तुम्ही दिलेल्या साडेपाच लाखांवर नाही. नवी असतानाची किंमत धरून वयाप्रमाणे सूट देतात. त्यात एजंट, वाहतूक, एमएच-१० चा नंबर. शिवाय गाडीचा इतिहास तिकडे राहिला, भांडायला माणूसही तिकडेच.

शिवाय २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होते. नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, आयात केलेली असेल तर थेट ४०,०००. इथे जोडणी झालेल्या गाडीला पहिला आकडा लागतो, पण आरसी बुकात नीट बघून घ्या. वर पर्यावरण कर आणि तपासणी. ही अडचण सोडवता येते, पण विकताना गिऱ्हाईक हेच बोट दाखवून पन्नास हजार पाडतं.

कृष्णाकाठ

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कुणीच लिहिलेलं नाही. सांगलीकरांनी तरी लिहायला हवं होतं.

पूर. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. जुलै २०२१ ला परत. दोन्ही वेळी तळघरातल्या पार्किंगमध्ये किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. विमा कंपन्यांनी त्या टोटल लॉस करून लिलावात विकल्या. त्या भंगारात गेल्या असं वाटतं का? बऱ्याच धुऊन-पुसून लांबच्या शहरांत उभ्या राहिल्या. पुण्या-मुंबईच्या, चेन्नईच्या पुरातल्या गाड्या तशाच आपल्याकडे येतात.

साध्या गाडीला पुराचं पाणी लागलं तर वायरिंग बदलून निभावतं. लक्झरी गाडीत सीटखाली, डिकीच्या बाजूला, गालिच्याखाली कंट्रोल युनिट बसवलेली असतात. आज सगळं चालतं. सहा महिन्यांनी कनेक्टरच्या पिनांना हिरवी बुरशी धरते आणि दर आठवड्याला नवा दिवा लागतो. एक युनिट बदललं की ते कोडिंग करून घ्यावं लागतं, नुसतं बसवून चालत नाही.

बघायचं कसं? सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी टोकापर्यंत. वरचा भाग सगळे धुतात, रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर कुणी धूत नाही. तिथे गाळाचा पिवळट पट्टा दिसतो. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. डिकीतला स्टेपनीचा खड्डा बोटाने पुसा. हेडलाइटच्या आत, खालच्या काठाला बारीक मातीची रेघ असली तर परत फिरा. आणि गाडीत सुगंधाचा फवारा जरा जास्तच मारलेला असेल तर वेगळं सांगायला नको.

शंभरफुटी

कृष्णाकाठ, एक नंबर. सीटबेल्टची गोष्ट आम्ही गिऱ्हाइकाला फुकट सांगत न्हाय, तुम्ही जाहीर केली 😀

पलूस_एक्सप्रेस

मर्सिडीज सोडून बीएमडब्ल्यू ५२०डी किंवा ऑडी ए४ घेतली तर? त्या सात-आठ लाखांतही दिसतात.

आणि एकजण २००५ ची ई क्लास चार लाखांत देतोय. ती कशी?

शंभरफुटी

थोडक्यात सांगतो.

५२०डी मध्ये २०१४ पर्यंत एन४७ इंजिन. चेनची जगभर बोंब झालेलं हेच. चेन मागेच. चेन बदलल्याचं बिल असेल तर गाडी उलट चांगली समजा. गिअरबॉक्स मात्र झेडएफचा आठ गिअरचा, उत्तम. बीएमडब्ल्यू म्हणते तेल आयुष्यभराचं, आणि झेडएफ स्वतः म्हणतंय ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांत बदला. बनवणाऱ्याचं ऐका. बॅटरी बदलली की गाडीच्या कॉम्प्युटरला नोंद द्यायला लागते, नायतर नवी बॅटरी लवकर मरते. हे काम कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याचं न्हाय.

ऑडीच्या त्या काळातल्या ए४ डिझेलला मल्टीट्रॉनिक, म्हंजे सीव्हीटी, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक. चालवताना हळू वेगात धक्का, थरथर जाणवली तर मी तरी घेणार न्हाय.

२००५ ची ई क्लास, डब्ल्यू २११. सुरुवातीच्या गाड्यांना एसबीसी म्हणून इलेक्ट्रॉनिक ब्रेक हाय. त्याचं युनिट ब्रेक किती वेळा मारले ते मोजतंय आणि आकडा भरला की बदला म्हणतंय. कंपनीनेच २००६ च्या फेसलिफ्टला ते काढून टाकलं. चार लाखांच्या गाडीला लाखाच्या वरचं ब्रेक युनिट. लांबून नमस्कार.

विश्रामबागकर, तुम्हाला एक वेगळं सांगतो. तुमचा वापर विश्रामबाग ते मार्केट यार्ड. ज्या डिझेलला डीपीएफ, म्हंजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर हाय, त्याची काजळी जळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला लागते. तुमची गाडी गरम व्हायच्या आत यार्ड येतंय. रोज असं झालं की फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, ताकद जाते. महिन्याच्या पुण्याच्या फेरीत सगळं जळतंच असं न्हाय. मोठी डिझेल गाडी गावात फिरवायची तर आठवड्यातून एकदा हायवेला सोडायची.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. वाचून झोप उडाली, पण काम झालं.

काल परत पुण्याला गेलो. एक स्वतंत्र तपासनीस बरोबर नेला, तीन हजार घेतले त्याने. डीलरचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही.

बॉनेट गरम होतं. सीटबेल्ट स्वच्छ. खालून फारसं काही निघालं नाही, पुढचे आर्म सैल एवढंच. मग त्याने स्कॅनर लावला. एकेका युनिटमधल्या जुन्या फॉल्टच्या नोंदी काढल्या. फॉल्ट आला तेव्हा गाडी किती चालली होती ते काही नोंदींत असतं. एका नोंदीत १,३१,००० किलोमीटर. मीटरवर ७८ हजार. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि काही बोलला नाही. डीलर म्हणाला, "स्कॅनर लोकल आहे साहेब." मग म्हणाला, "साडेआठ करा."

निघालो.

हिशेबनीस

तीन हजारांत साडेआठ लाख वाचले. एवढा परतावा आमच्या विम्यातही मिळत नाही.

किलोमीटरपेक्षा सर्व्हिसचा अधिकृत इतिहास बघायचा. अधिकृत केंद्रात चेसिस नंबरवर नोंद असते, मालकाबरोबर जाऊन मागा. ज्या तारखेला नोंदी बंद होतात, तिथून पुढे काय झालं ते मालकाला विचारा.

रानजाई

चांगलं झालं. १,३१,००० चाललेली गाडी वाईट असते असं नाही हं. खरा आकडा सांगून विकली असती तर मी कदाचित घ्या म्हटलं असतं. आमचीही दीडच्या पुढे गेलीय.

मन अजून रमत असेल तर डीलरकडे न जाता मालकाकडून घ्या, आणि शक्यतो एमएच-०९, १०, ११ पैकी. आपल्याकडे अशा गाड्या कमी. त्या कोणाच्या, कुठल्या गॅरेजला जातात, सगळ्यांना माहीत असतं. कराड-कोल्हापूरचे डॉक्टर, कारखानदार नवी घेतली की जुनी काढतात. पुण्यापेक्षा पन्नास हजार जास्त द्यावे लागले तरी द्या.

मिरज_जंक्शन

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. पण माझं कोण ऐकतंय.

विश्रामबागकर

जंक्शनराव, तुमचा प्रतिसाद फ्रेम करून लावतो.

घरी बैठक झाली. रानजाई ताईंचा दुसऱ्या गाडीचा मुद्दा बायकोने उचलून धरला, आता तो माझ्याच विरोधात वापरला जातोय. तडजोड अशी निघाली: स्विफ्ट ठेवायची, आणि सहा लाखांच्या आत काहीतरी हौसेचं. माधवनगरला एकांची २०१४ ची स्कोडा सुपर्ब आहे, २.० डिझेल, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), पहिलाच मालक, एमएच-१०. साडेपाच म्हणतात. मर्सिडीजचा तारा नाही, पण मागच्या सीटवर पाय पसरून बसलो तर आमचे वडील उतरायलाच तयार नव्हते. हिचा मसाला किती?

शंभरफुटी

ती गाडी मला माहीत हाय, माझ्याकडे न्हाय पण शेजारच्या गॅरेजला येते.

डिझेलला सहा गिअरचा ओला, म्हंजे तेलात चालणारा, क्लच डीएसजी, डीक्यू २५०. हा बरा. पेट्रोल १.८ मध्ये सात गिअरचा कोरडा क्लचवाला येतोय, त्याच्या मेकॅट्रॉनिकची (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटची) बोंब हाय, तो घेऊ नका. ओल्याला दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर लागतोय. बिलं मागा, किती वेळा बदललं बघा. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदललाय का विचारा. न्हाय म्हणाले तर गाडी घेतल्या दिवशीच करायचं काम, वीस-पंचवीस हजार धरा आणि किमतीतून पाडा. दोन्ही किल्ल्या हायत का बघा. एकच असेल तर दुसरी करायला पंधरा-वीस हजार जातात, तेही पाडा.

पार्ट मर्सिडीजपेक्षा स्वस्त, बरेच फोक्सवॅगनचे चालतात. स्वस्त म्हंजे मारुती न्हाय, तेवढं ध्यानात ठेवा.

शनिवारी गाडी घेऊन या, रॅम्पवर घेऊ.

विश्रामबागकर

किल्ली एकच आहे, आत्ताच फोन करून विचारलं. तेलाची दोन बिलं आहेत म्हणाले, बेल्टचं आठवत नाही. शनिवारी सकाळी आणतो. मालकांना सांगून ठेवलंय की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, ते म्हणाले बॅटरी चार्ज तरी करू का?

शंभरफुटी

बॅटरी चार्जला लावतात म्हंजे गाडी बरेच दिवस उभी हाय. लावू दे त्यांना. बॅटरीचेही पाडा. अकराच्या आत या, नंतर रॅम्प मोकळा न्हाय.